बॉनेटवरची परात

मैनाचे बाबा,

मी मैनाले घेऊन दुपारच्या एसटीनं बाळापूरले जाऊन राहिली. माह्या मायले ताप चढला, तिले अकोल्याच्या दवाखान्यात आनाचं हाये, हे सकाळी तुमाले दोनदा सांगतलं. तुमी गाडीखालूनच म्हनलं, "थांब, नवं इंजिन बसू दे." बसलं. अन् तुमी सत्तार मिस्त्रीले बाजूले बसवून ट्रायल घ्याले निघून गेले! मी दारात पिशवी घेऊन उभी होती. दिसली नाई काय?

जुनं डिझेल इंजिन खराब होतं, मान्य हाये. चढावर बंद पडे तवा धक्के मीच मारले. पन दुसऱ्या कंपनीचं आनाच्या पयले त्याची उंची मोजाले काय झालं होतं? बॉनेट लागेना, तं त्याले भोक पाडलं. अन् त्या भोकावर झाकन म्हनून माही पितळी परात! तिले भोकं पाडून बोल्टानं आवळली! आता काढली तरी कनीक भिजवताना पानी गळन.

मायनं लग्नात देल्ली होती थे. तुमाले मालूम होतं.

परात नाई म्हनून पीठ ताटात भिजवलं. भाकरी लहान झाल्या, तशाच खा. बेसन चुलीपाशी झाकून ठेवलं हाये.

माय पयले हेच विचारन, जावई काहून नाई आले? मी काहून खोटं बोलू? सांगीन, तुही परात घेऊन फिराले गेले.

मैनाची माय