आज शेपटाला कोण?

३ जानेवारी
आज फक्त पाच जण! तेही मी आणि मास्तर धरून; मास्तरांचा खोकला मोजला तर सहा. असंच चाललं तर उन्हाळ्याआधी पळण्याच्या क्लबला टाळं. ठरवलं — क्लबचं पेज काढायचं. मास्तर म्हणाले, "माणूस पळायला पायांनी येतो, फोनने नाही." म्हणोत बापडे. क्लब त्यांनी काढला, पण बुडताना बघायची वेळ माझ्यावर आलीय.

९ जानेवारी
मास्तरांचा व्हिडिओ टाकला. आमच्यात जुनी रीत — पळण्याआधी मास्तर विचारतात, "आज शेपटाला कोण?" शेपूट म्हणजे सगळ्यांत हळू पळणाऱ्याच्याही मागे राहणारा. त्याने कुणालाच ओलांडायचं नाही. कुणी हात वर करत नाही, मग मास्तरच राहतात. व्हिडिओत पुढे दमलेला पोस्टमन आणि मागून त्याला प्रेमाने शिव्या घालणारे मास्तर. लोक वेडे झालेत!

१८ जानेवारी
मैदानावर पाय ठेवायला जागा नाही. बायको म्हणते, "पळायला जातोस की शूटिंगला?" खरं तर पळणं बंदच झालंय. सगळे परत येतात तेव्हा मी फाटकाशी फोन धरून उभा. कुणीतरी करायला हवं ना!

बेकरीच्या काउंटरवरच्या ताई आल्या. पन्नाशीच्या, पायात साधे कापडी बूट. मुलीने पेज दाखवलं म्हणे. "मागे कुणीतरी असतं ना, म्हणून धीर केला." कालव्यापर्यंत जाऊन धापा टाकत सर्वांत शेवटी आल्या, मागे मास्तर. लाजून हसल्या. तोच फोटो टाकला, चांगलाच चालला.

४ फेब्रुवारी
मास्तरांशी वाजलं. लोक येतात त्यांना बघायला, आणि हे उगवतात शेवटी, तोवर निम्मे घरी गेलेले. म्हटलं, रविवारी लाइव्ह आहे, झेंडा घेऊन पुढे राहा.
"आणि शेपटाला?"
"एवढी माणसं आहेत, राहील कुणीतरी."
"कुणीतरी म्हणजे कुणीच नाही, बाबा."
म्हातारपणी माणसं हट्टी होतात. पण शेवटी ऐकलं.

८ फेब्रुवारी
काय सकाळ होती! पुढे झेंडा घेऊन मास्तर, मागे नुसती माणसंच माणसं. फोटोवर लिहिलं — सगळे पोहोचले! मास्तर मात्र फाटकाशी रेंगाळत होते, रस्त्याकडे बघत. "सगळे आले का रे?" आले, आले, म्हटलं, फोटोला चला.

दुपार. माझ्या चष्म्याच्या दुकानात बसून लिहितोय. फोटोखाली एक नवीन कॉमेंट — 'माझी आई यात दिसत नाही. घरी आली नाही, बेकरीतही नाही. कुणी पाहिलं का?' त्यावर कुणीतरी न वाचताच टाळ्या टाकल्यात. मास्तरांना फोन केला, ते सायकल काढून कालव्याकडे निघालेसुद्धा. मीही शटर ओढतो.

९ फेब्रुवारी
ताई कालव्याच्या पुलाखालच्या पायऱ्यांवर होत्या, रस्त्यावरून दिसत नाही तिथे. सावलीला टेकल्या असतील. मी पोहोचलो तेव्हा मास्तर शेजारी बसलेले, आपला शर्ट त्यांच्या अंगावर घालून. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, सकाळीच गेल्या. मुलीने मला एवढंच विचारलं, "पेजवाले तुम्हीच ना?"

पेज बंद केलं. मास्तर माझ्याशी बोलत नाहीत. बायको म्हणते, "तुझा काय दोष? हृदयाचं कुणाला कळतं?" तेच धरून बसलोय.

१२ फेब्रुवारी
मुलगी दुकानात आली होती, आईचा फोन घेऊन. त्यावरचे शेवटचे तीन कॉल पेजवर दिलेल्या नंबरला, म्हणजे मला. लाइव्ह चालू होतं. मीच कापले — तिन्ही.