थंडीला खाली वाट

मी, खाली सही करणारी, धंदा शेती, खोऱ्यातल्या खालच्या जर्दाळूच्या बागेची मालकीण, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय तेवढे डॉक्टरांच्या मते शाबूत नाही. पण मृत्युपत्राला ते लागत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले.

मला मरायची घाई नाही. यंदाचा हवामान अंदाज आला म्हणून लिहायला बसले. हिवाळा कोरडा, आकाश निरभ्र, आणि थंडीच्या शेवटी कडक, गोठवणारे दंव, असे त्यात म्हटले आहे. ढग म्हणजे या खोऱ्याचे पांघरूण. यंदा ते मिळणार नाही, आणि जर्दाळू तर उन्हाची जरा ऊब लागली की फुलायला उतावीळ. तेव्हा माझ्या मागे बागेत कोण उभे राहणार, हे आधीच ठरलेले बरे.

१. खालची बाग, तिच्यातली सर्व झाडे आणि तळ्याच्या पाण्यावरचा माझा हक्क मी माझ्या लेकीला देते. अंदाज ऐकल्यावर मुलाने फोन केला, "आई, आता तरी विकून टाक. तुझ्याच्यानं होणार आहे का हे?" लेकीने फोन केला नाही. ती ट्रंक घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "पाहुणी म्हणून आले नाहीये. माझी खोली रिकामी कर." तिच्या खोलीत मी कांदे पसरले होते. कांदे हलवले.

लेकीला एक सूचना. तळे अर्धेच भरले आहे. दंवाचा इशारा आला की आदल्या दुपारी झाडांच्या बुंध्याशी पाणी दे. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते, कोरडी धरत नाही. पण सगळ्या बागेला पुरेल या भ्रमात राहू नकोस. तळ्याकडच्या ओळी वाचव. बाकीच्यांसाठी शेकोट्या आहेत.

२. राहते घर दोन्ही मुलांना निम्मे-निम्मे. मुलाने मनाला लावून घेऊ नये. त्याला थंडी लहानपणापासून सोसत नाही, आणि त्याने ते कधी लपवलेही नाही. त्याच्या वडिलांची छाटणीची कात्री आणि करवत मात्र त्याच्याकडे जाणार नाहीत. तो त्या भिंतीवर टांगून ठेवील.

३. ~~वरचा उताराचा तुकडा माझ्या धाकट्या दिरांना देण्यात यावा, मात्र त्यांनी खालच्या बांधावरील आपली दगडी भिंत बहर येण्यापूर्वी फोडली असेल तरच.~~

हे कलम मी स्वतःच्या हाताने खोडले आहे. का खोडले, ते नोंदवणे भाग आहे, नाहीतर पुढे वाद होईल.

माझ्या शेळ्यांनी दिरांची कोबी खाल्ली, म्हणून त्यांनी बागेच्या खालच्या अंगाला पुरुषभर उंच भिंत घातली. शेळ्या थांबल्या. थंडीही थांबली. उतारावरून गार हवा पाण्यासारखी खाली वाहते. पूर्वी ती बागेतून निघून नदीकडे जायची, आता भिंतीपाशी तुंबू लागली. पुढच्याच बहरात भिंतीजवळची सगळी फुले काळी पडली. मी सांगायला गेले तर दीर म्हणाले, "वहिनी, थंडी काय भिंतीला अडते? काहीतरीच!" आमचे हे सख्ख्या भावापुढे शेवटपर्यंत तोंड उघडू शकले नाहीत. ते गेल्यावर मी बोलणे टाकले. गिरणीत समोरासमोर आलो तरी आम्ही दोघे पिठाकडे बघायचो.

यंदाचा अंदाज आल्यावर मी एका वारा पडलेल्या संध्याकाळी वरच्या बांधावर ओला पेंढा पेटवला. आग लागली समजून दीर धावत आले. धूर हळूहळू उतरला, झाडांमधून सरकत भिंतीपाशी गेला आणि तिथेच साचत राहिला. आधी गुडघाभर, मग छातीभर. आम्ही दोघे त्यात उभे.

"धूर आहे हा," ते म्हणाले.

"थंडी अशीच येते, भाऊजी. दिसत नाही एवढंच."

ते खोकत निघून गेले. मी घरी येऊन वरचे कलम लिहिले आणि त्यांना बोलावून वाचून दाखवले. ते उठले, चप्पल घातली, चहा तसाच राहिला. वाटले, संपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खण खण आवाज आला म्हणून लेक बघायला गेली. दीर पहार घेऊन भिंतीवर.

मागोमाग मीही गेले. मला बघून म्हणाले, "तुम्ही मेल्यावर मिळणारी जमीन मला नको. वाट कुठे पाडू ते सांगा. आणि सगळी भिंत पाडणार नाही हं, तुमच्या शेळ्या अजून आहेत!"

तीन ठिकाणी वाटा पाडल्या. तिथे सळयांची फाटके बसवली आहेत. हवा जाते, शेळी जात नाही. ही फाटके कोणीही, कोणत्याही भांडणात, पत्रा ठोकून बंद करू नयेत. हे माझ्या वारसांवरही बंधनकारक आहे.

४. वरचा तुकडाही आता लेकीकडेच जाईल. दिरांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही. त्यामुळे ते साक्षीदार होऊ शकतात, आणि मला तेच हवे होते.

५. शेळ्या, शिडी, फवारणीचा पंप आणि उरलेले सर्व जंगम सामान लेकीने ठेवावे किंवा विकावे. चाक डगमगणारी हातगाडी कोणाला फुकटही देऊ नये, शिव्या मला बसतील.

६. डॉक्टरांनी मला पहाटेच्या थंडीत बाहेर पडायला मनाई केली आहे. मी पडणार आहे. माझ्या मृत्यूबद्दल लेकीला कोणी बोल लावू नये. तिने मला अडवले होते आणि मी ऐकले नाही, हे मी इथे लेखी देते.

७. मी दंवाच्या पहाटे गेले, तर माझ्याजवळ रडत बसू नये. दार ओढून घ्यावे आणि सगळ्यांनी बागेत जाऊन शेकोट्या पेटवाव्यात. ऊन वर येऊन झाडे कोरडी झाली की मग घरात यावे. मी कुठे जाणार नाही. फुले तेवढा वेळ थांबत नाहीत.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि त्यात बदल करायचा माझा विचार नाही.

सही: बागेची मालकीण

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष सही झाली:
१. धाकटे दीर (कलम तीन खोडलेले पाहिले, कोबीची गोष्ट खरी आहे)
२. खोऱ्यातल्या गुरांच्या डॉक्टरीणबाई

ठिकाण: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: १ डिसेंबर, आकाश निरभ्र