शंभर टक्के निकाल

प्रिय चिमणे,

सकाळपासून कानात एकच आवाज घुमतो आहे. शाळेच्या लांब व्हरांड्यातून तपासणीसाहेबांच्या बुटांची करकर जवळ येई आणि ती दाराशी पोचायच्या आत आपला सारा वर्ग एका सुरात कविता सुरू करी. पहिल्या बाकावर तू. तुझ्या आवाजात कवितेतली नदी खरोखर वाहू लागे. अर्थ अर्ध्या मुलांना ठाऊक नसे, पण चाल अशी पक्की, की साहेब मान डोलावत निघून जात. त्या एका सुरावर मी सगळी नोकरी काढली.

परवा तू फोनवर बोलत होतीस आणि मी नुसता हुं हुं करत राहिलो. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं लक्ष नाही. लक्ष होतं गं. जीभ उचलत नव्हती. तू सांगत होतीस, की तुझ्या संस्थेने देशोदेशीच्या म्हाताऱ्यांची पाहणी केली. कोण पडतं, कोणाला दिसत नाही, कोण एकटं जेवतं. घरी येणारी नर्स कुठल्या वस्तीला द्यायची, ते या आकड्यांवरून ठरणार. त्यात आमचीच वस्ती तेवढी ठणठणीत. बाबा, तुमच्या इमारतीत म्हातारपण पोचलेलंच नाही, असं म्हणून तू हसलीस. मग आवाज बदलून म्हणालीस, पाहणीच्या मुलीने घरी बसूनच उत्तरं भरलेली दिसतात. तिला थांबवलंय, काढूनही टाकतील; आम्ही दुसरं माणूस पाठवतोय.

चिमणे, ती मुलगी दारोदार फिरली. सगळे जिने चढली. माझ्याकडे पाणी प्यायली, जाताना एक कविताही निमूट ऐकून गेली बिचारी. उत्तरं तिची नव्हेत, माझी आहेत.

त्याचं असं झालं. पाहणी तुझ्या संस्थेची, हे कळलं आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. लेकीची माणसं तपासायला येणार, तर निकाल नको का चांगला लागायला? बागेतल्या बाकावर मी सगळ्यांची उजळणी घेतली. पडलात का? नाही. झोप? छान. दिसतं? स्वच्छ. आपले टेलरकाका, ज्यांना हल्ली सुईत दोरा ओवायला शेजारची पोर लागते, ते सगळ्यांत मोठ्याने ‘स्वच्छ’ म्हणाले आणि पायाशी झोपलेल्या कुत्र्याला आपली पिशवी समजून उचलायला वाकले. आम्ही पोट धरून हसलो. मी स्वतः न्हाणीघरात दोनदा घसरलोय. ते त्या मुलीला सांगितलं नाही, तुलाही नाही.

गेल्या आठवड्यात टेलरकाका जिन्यात पायरी न दिसून कोसळले. पाय प्लास्टरमध्ये आहे. मी भेटायला गेलो, की तेच माझी समजूत घालतात, मास्तर, असं तोंड पाडून काय बसता. मला मान वर करवत नाही.

हे फोनवरच बोलायला हवं होतं. पण खोटं बोलली म्हणून ज्या लेकीला एकदा कोपऱ्यात उभं केलं होतं, तिच्या कानात हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून कागद घेतला. हे पत्र तुझ्या वरिष्ठांपुढे ठेव, खुशाल मोठ्याने वाच. पण त्या मुलीला कामावर परत घ्या. आणि नर्स

दार वाजलं म्हणून उठलो होतो. टेलरकाका आलेत. कुबड्या घेऊन, घरच्यांचा डोळा चुकवून, जिना चढून, घामाघूम. पुन्हा कोणी विचारायला येणार, हे त्यांच्या कानावर गेलंय. धाप लागलेली असतानाच म्हणाले, “मास्तर, एकदा उजळणी घ्या बुवा. प्लास्टर दिसतंय, तरी पडलो नाही असंच म्हणायचं ना?”

त्यांना खुर्चीत बसवलंय. माझ्या तोंडाकडे बघतायत. आज त्यांना चाल नको, अर्थ सांगायचा आहे. तो मला सांगता येतो का, ते बघतो.

तुझाच,
बाबा