सोमवारच्या कौलाआधी भिकाजीमामांना

पोलादपूर,
गुरुवार, जेवणाची सुट्टी

ती. भिकाजीमामा,

तुमच्या भाचीचा, म्हणजे समीक्षाचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात, इथे टेबलाखाली पाय लांब करायलाही जागा नाही.) चंपामामीचा गुडघा कसा आहे? ती तेल लावते, की लावल्याचं नुसतं सांगते? तुमचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. गेला नसेल तर बिडीही गेलेली नाही असं मी समजते. गुरवाने देवळात बिडी ओढायची नाही हे तुम्ही कटाक्षाने पाळता, पण देवळामागच्या आंब्याखाली ओढलेली बिडीही छातीतच जाते. पत्र कशाला, फोन का नाही केलास, असं तुम्ही म्हणाल. तुमचा फोन खुंटीला टांगलेला असतो, कारण घरात रेंज तेवढ्या खुंटीपाशीच येते, आणि तिथे उभं राहून तुम्ही फक्त "हं" म्हणता. बाकीचं सगळं मागून मामी बोलते. आजचं काम "हं"वर भागण्यासारखं नाही. (मामी, हे तूच मोठ्याने वाचून दाखवत असणार. राग मानू नकोस, आणि मधली वाक्यं गाळू नकोस.)

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकते. आईने वाडीभर सांगितलंय की समीक्षा मेंदूची डॉक्टर होते आहे. मी मनाच्या आजारांची डॉक्टर होते आहे. एमबीबीएसनंतरचं तीन वर्षांचं शिक्षण मी त्यातच घेते आहे आणि हे शेवटचं वर्ष. ही शाखा घेतली तेव्हा महाडला आमच्या घरी सुतक असल्यासारखी माणसं भेटायला आली. अरविंदकाकांनी हळूच विचारलं, मार्क कमी पडले का गं? बाबा तर अजूनही कोणी विचारलं की पावसाचा विषय काढतात, मग तो उन्हाळा का असेना. स्थळं येतात आणि चहा पिऊन जातात. एका मुलाच्या आईने मला विचारलं, तुला आमच्या मनातलं सगळं कळणार का? मी म्हटलं, तुमच्या मनातलं कळायला शिकावं लागत नाही. ते स्थळ पोह्यांच्या आधीच उठलं. आईने ते सगळे पोहे मला खायला घातले.

पण माझं ठरलेलं होतं, आणि ते केव्हा ठरलं हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तळीयेवर दरड आली त्या जुलैत मी इंटर्न होते आणि मदतीला आलेल्या डॉक्टरांबरोबर धनुर्वाताची इंजेक्शनं देत हिंडत होते. एक बाई रांगेत पुन्हा पुन्हा येत होती. तिला कुठे खरचटलंही नव्हतं. शेवटी मी जरा चिडूनच विचारलं, तुम्हाला नेमकं होतंय काय? ती म्हणाली, "काय होत नाय गो, त्येच तर." यापुढे काय करायचं ते मला कोणी शिकवलंच नव्हतं. मी इंजेक्शन हातात धरून तशीच उभी राहिले आणि मला स्वतःची फार लाज वाटली. तेव्हाच ठरवलं की जे येत नाही तेच शिकायचं. आता कोणी रडलं, रुसलं, पोहे सोडून उठलं तरी मी ही शाखा सोडणार नाही.

सध्या कॉलेजने मला इकडेच पाठवलं आहे: मंगळवारी महाड, गुरुवारी पोलादपूर. मला स्वतंत्र खोली नाही. दातांचा डॉक्टर विनीत आणि मी एकाच खोलीत बसतो, मध्ये हिरवा पडदा. सुरुवातीला माझ्याकडे चिटपाखरू नसायचं आणि विनीतकडे ही रांग. मग लक्षात आलं की त्या रांगेतली निम्मी माणसं माझी आहेत. ओळखीच्या कोणी पाहिलं तर दात दुखतोय असं वाटावं म्हणून ती गालाला हात लावून उभी राहत आणि पडद्याशी आली की हळूच माझ्या बाजूला वळत. हे ज्यांना जमलं ते सुटले. चांगूतात्या म्हणून एक गृहस्थ (नाव बदललंय, उगाच शोधत बसू नका) बायको गेल्यापासून झोपत नव्हते, जेवत नव्हते, शेताकडे फिरकत नव्हते. ते पडद्यापर्यंत आले, तिथे त्यांना नातवाचे मास्तर दिसले, आणि घाबरून ते थेट विनीतच्या खुर्चीत जाऊन बसले. दात खरोखरच किडलेला होता, तो निघाला. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. दुसराही किडलेला होता, तोही निघाला. त्याच्या पुढच्या गुरुवारी विनीतने पडदा सरकवून मला सांगितलं, "यांना तू आधी घे. माझ्याकडे काढण्यासारखं आता काही उरलेलं नाही." आता तात्या माझ्याकडे येतात, झोपतात, पोटभर जेवतात; चावायला थोडा वेळ लागतो एवढंच. रांगेत मात्र अजून गाल धरूनच उभे राहतात.

आता तुमच्या वाडीतला दीपक. तुळजाबाईचा हा एकुलता मुलगा मुंबईला कुरियरच्या कामाला होता. दिवाळीनंतर परत आला तो कसा आला ते तुम्ही पाहिलंच आहे. शेजारचा टीव्ही आपल्याविषयीच बोलतो म्हणून कान झाकून बसायचा. झोप नाही, आंघोळ नाही, आईने वाढलेल्या भाकरीचा वास घ्यायचा आणि ती परत ठेवायचा. तो खाली येईना म्हणून मीच वर आले, एसटीने कापडे गावापर्यंत आणि पुढे चालत. आमच्या पुस्तकात लिहिलंय की अशा रुग्णाशी शांत खोलीत, एकांतात बोलावं. तुळजाबाईच्या ओटीवर एकांत म्हणजे फक्त अर्धी वाडी होती, कारण उरलेली अर्धी लग्नाला गेली होती. मी दीपकला पुस्तकातला प्रश्न विचारला: पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट रस्त्यात सापडलं तर काय करशील? बरोबर उत्तर आहे, पोस्टाच्या पेटीत टाकीन. दीपकने तोंड उघडायच्या आत ओटीने एकमुखाने उत्तर दिलं की पाकीट गणूच्या घरी द्यायचं, तो पोस्टात हाय, आणि पेटीत अजिबात टाकायचं नाय, पेटीत गांधीलमाश्या हायत. आता याला शून्य मार्क द्यायचे की पैकीच्या पैकी? मग एका म्हणीचा अर्थ विचारायचा असतो. कोणती म्हण विचारली ते लिहीत नाही, कारण तिच्या अर्थावरून दोन भावकींत जुंपलेलं अजून मिटलेलं नाही असं ऐकते. शेवटी मी विचारलं, देवाचा आवाज ऐकू येतो का? तर सगळ्यांनी माना वळवून तुमच्याकडे बघितलं.

मामा, पुस्तकाचं अक्षरशः ऐकायचं तर दर सोमवारी तुम्ही देवाशी बोलता आणि तो तुम्हाला उत्तर देतो, म्हणजे वॉर्डातली पहिली खाट तुमची. पण ज्यांच्या हाताखाली मी शिकते त्या रेश्मा मॅडम सांगतात की जे अख्ख्या गावाला रोजचं आहे त्याला आजार म्हणायचं नाही. ज्याने माणसाची झोप जाते, जेवण जातं, माणसं तुटतात, तो आजार. तेव्हा तुम्हाला सोडून दिलं आणि दीपकला गोळ्या दिल्या.

गोळ्या लागू पडल्या. तो आंघोळ करू लागला, गुरं घेऊन रानात जाऊ लागला, टीव्हीला नुसता टीव्ही समजू लागला. मला इतका आनंद झाला की मी विनीतला माझ्या पैशाने वडापाव खाऊ घातला. मग शिमगा आला. गोळी रात्री द्यायची असं मी तुळजाबाईला बजावलं होतं. तिने ती सकाळी द्यायला घेतली, कारण सकाळी देव्हाऱ्यात दिवा तेवत असतो आणि औषध देवाच्या देखत द्यावं, असं तिचं म्हणणं. त्या गोळीने सुस्ती येते. पालखी तिच्या दाराशी आली, ढोल, सनई, पुढे तुम्ही आणि मागे सगळी वाडी, आणि ज्याने पालखी खांद्यावर घ्यायची तो घरातला एकुलता मुलगा आत घोरत पडलेला. ढोलाने उठला नाही, तुम्ही हाका मारल्यात तरी उठला नाही. मला हे नंतर कळलं, तुळजाबाईच्या फोनवरून. ती म्हणाली, "देव दाराशी येऊन माघारी गेला बाय, नि माझा पोरगा निजला व्हता. आता देव सांगंल तवाच गोळी." ती घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

तेव्हापासून गोळ्या बंद आहेत. त्याची झोप पुन्हा कमी झाली आहे आणि टीव्हीकडे तो परत तिरका बघू लागला आहे. येत्या सोमवारी तुळजाबाई तुमच्याकडे कौल लावायला येणार. देवाच्या अंगावर पाण्याने चिकटवलेल्या दोन पाकळ्या; उजवी पडली तर गोळ्या द्यायच्या, डावी पडली तर कायमच्या बंद. मामा, डावी पडली तर हा मुलगा दिवाळीनंतर होता त्याच्याही मागे जाईल. उगाच भीती घालत नाही; गोळ्या सोडून परत आलेली माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत आणि त्यांच्या आयाही पाहिल्या आहेत.

मी गप्प बसणार नाही हे तुम्ही ओळखून असालच. पोहायला येईपर्यंत मी तुमच्या विहिरीतून जेवायला वर आले नव्हते, आणि मामी काठावर ताट घेऊन उभी होती. आज दीपक स्वतः खाली आला आहे. तुळजाबाईने त्याला उरलेल्या गोळ्या परत करायला पाठवलंय, सरकारी वस्तू घरात राहू नये म्हणून, आणि सोबत भाजीसाठी एक कोवळा, कुयरीचा फणस दिलाय. फणस मी ठेवून घेतला. गोळ्या घेतल्या नाहीत. हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. तब्येतीला जपा, मामीला नमस्कार सांगा (म्हणजे मामी, तू स्वतःच घे).

तुमची हट्टी भाची,
समीक्षा

ता. क. आता खरं काम. कमी पाणी लावलेली पाकळी आधी पडते हे मी लहानपणीच बघून ठेवलं होतं. तसं करा असं मी म्हणणार नाही. (म्हणायचं मनात होतं, मॅडमनी दटावलं.) तुम्ही ऐकणार नाही, आणि मलाही तुमच्या देवाला फसवायचं नाही. तुम्ही प्रश्न तेवढा बदला. 'गोळी द्यायची की नाही' असं न विचारता 'गोळी सकाळी द्यायची की रात्री' असं विचारा. उजवी पडली तर सकाळी. मी सुस्ती न आणणारी दुसरी गोळी देते. डावी पडली तर रात्री. मग हीच चालू. दोन्ही चिकटून राहिल्या तर देव विचार करतो आहे म्हणा, आणि तोवर रात्रीची देत राहू दे. मला सगळंच चालतं.

आणखी ता. क. रुग्णाची हकीकत त्याच्या परवानगीशिवाय कोणाला कळवायची नाही असा आमचा नियम आहे. म्हणून पाकीट चिकटवण्याआधी पत्र दीपकला वाचायला दिलं. तो बाहेरच्या बाकावर बसून सावकाश वाचत होता. चांगूतात्यांच्या दातांपाशी हसला. मग वरचं ता. क. वाचून आत आला आणि म्हणाला, "मॅडम, सगळा बरोबर हाय. पन सकाळी का रातीला, ह्ये मला कुनी इचारलंच नाय." मामा, आईने तुम्हाला विचारायचं, तुम्ही देवाला, मी रेश्मा मॅडमना विचारायचं, त्यांनी पुस्तकाला. गोळी ज्याच्या पोटात जायची तो बाकावर. मी खाली मान घालून विचारलं, तुला कधी हवी? म्हणाला, रात्रीची. त्या दिवशी पालखीला खांदा द्यायला त्याला जागं राहायचं होतं. मला रडू आलं. विनीतने पडद्याआडून कापसाचा बोळा पुढे केला, त्याच्याकडे तेवढाच असतो.

शेवटचा ता. क. पहिला ता. क. रद्द समजा. सोमवारी दीपकही देवळात येणार आहे. तुळजाबाईऐवजी त्याला प्रश्न विचारू द्या, तो विचारेल तोच. काय विचारणार हे मी त्याच्याकडून काढून घेतलेलं नाही. मी फक्त म्हटलं, आणि डावी पडली तर? तो म्हणाला, "कौल आयशीसाठी लावूया. पन कसाबी पडला तरी पुढच्या गुरुवारी मी येनार हाय." आणि परत करायला आणलेल्या गोळ्या त्याने शर्टाच्या खिशात घातल्या. तेव्हा मामा, कुठली पाकळी पडली ते मला कळवायची घाई नाही.