निळा धूर नेमका कधी येतो

गाझियाबाद,
२० नोव्हेंबर २००५

प्रिय भालचंद्रभावजी यांस,
नीलावहिनीचा स. न. वि. वि.

तुमचं दिवाळीचं पत्र पोचलं. मायन्यात पूर्वी 'सौ.' असायचं, तिथं हे गेल्यापासून तुम्ही बोटभर कोरी जागा सोडता. दीड वर्ष झालं, आता सोडू नका. नुसतं नीलावहिनी लिहिलंत तरी पत्र मलाच मिळतं.

आता कामाचं. गाडी निळा धूर सोडायला लागली आहे. परवा सिग्नल सुटला तेव्हा मागचा स्कूटरवाला इतका खोकला, की मीच उतरून माफी मागणार होते. मिस्त्रींनी लांबूनच धूर पाहिला आणि रिंग गेल्या, इंजन खोलना पड़ेगा, असं सांगून मोकळे झाले. विलासला बंगळुरात हे कळायचा अवकाश, त्यानं तिथं बसून गिऱ्हाईकही शोधलं. म्हणतो, आठ वर्षांची डिझेल गाडी आहे, विकून टाक ना यार. आईला यार!

मला ती विकायची नाही. तुमचे दादा दर संक्रांतीला इथल्या मराठी मंडळातल्या म्हाताऱ्यांना तिच्यात घालून पानिपतला न्यायचे, तसं यंदा मी न्यायचं ठरवलंय. गेल्या वर्षी धीर झाला नव्हता. आणि खरं सांगू का, त्यांच्या सीटवर बसलं की मला बरं वाटतं. घरात कुठेच तसं वाटत नाही. तुमचा जन्म मानेसरच्या कारखान्यात टर्बो जोडण्यात गेला, तेव्हा तुम्ही सांगाल ते ऐकेन.

लोभ आहेच, तो वाढवायचा तर मात्र इकडे यावं लागेल.

तुमची,
नीलावहिनी


मिरज,
२८ नोव्हेंबर २००५

ती. नीलावहिनींस,
भालचंद्रचा शि. सा. न. वि. वि.

जागा सोडलेली नाही, पाहिलंत ना?

इंजिन मुळीच उघडू देऊ नका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढंच. ते कुठून गळतंय हे रंगावरून कळत नाही, वेळेवरून कळतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच भपकारा येऊन थांबला, तर वॉल्व्हचे सील गेले. उड्डाणपूल चढताना सारखा येत राहिला, तर रिंग. आणि सिग्नलला नुसती चालू ठेवून उभी केली, मग पाय दिल्यावर आला, तर इंजिनात हवा कोंबणारा टर्बो. डॉक्टर ताप कधी चढतो ते विचारतात, तसंच हे. गाडी चालू असताना ऑइल भरायचं झाकणही उघडून पाहा. आतून जोरात वाफ बाहेर येते का? येत असेल तर रिंग. हात पुसायला फडकं घ्या, पदर नको.

या म्हणता, पण थंडी गुडघ्यांना झेपत नाही, असं लिहिणार होतो. लिहीत नाही. दादा नसलेल्या त्या घराचा जिना माझ्याच्यानं चढवणार नाही, वहिनी. दर रविवारी मानेसरहून येऊन दोन दोन पायऱ्या चढणारा मी! फार आठवण येते.

आशीर्वाद असू द्यावा, धुराचं सविस्तर कळवावं.

आपला,
भालचंद्र


गाझियाबाद,
७ डिसेंबर २००५

प्रिय भालचंद्रभावजी यांस,
स. न. वि. वि.

शेजारच्या चंद्रप्रभाताईंना नाकाला रुमाल बांधून गाडीमागे उभं केलं. सकाळी सुरू करताना धूर नाही. उड्डाणपुलावर मी आरशातून पाहत होते, तिथंही नाही. रेल्वे फाटकाशी बराच वेळ थांबून निघाले, तेव्हा मात्र मागचा रस्ताच दिसेनासा झाला. झाकणातून वाफ नाही. पदर मात्र तुम्ही सांगूनही खराब झालाच.

विलासचं गिऱ्हाईक रविवारी गाडी पाहायला येणार होतं, त्याला तुमच्या उत्तरापर्यंत थोपवलं आहे. लवकर लिहा. तुमच्या जिन्याचं म्हणाल, तर मीही तो रोज चढतेच.

लोभ तेवढाच, काळजी थोडी जास्त.

नीलावहिनी


मिरज,
१४ डिसेंबर २००५

ती. नीलावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

टर्बोच. रिंग शाबूत आहेत. टर्बोकडून इंजिनकडे जाणारा जाड पाइप मिस्त्रींना काढायला सांगा, आत ऑइल साचलेलं दिसेल. टर्बो तेवढा बदला, गाडी पानिपतच काय, मिरजेपर्यंत येईल.

पण एक विचारतो. टर्बोचं चाक भन्नाट फिरतं आणि ऑइलच्या जिवावर फिरतं. लांबून आल्या आल्या गाडी बंद केली की ऑइल थांबतं, आतलं सगळं तापलेलंच राहतं आणि करपतं. म्हणून उभी केल्यावर मिनिटभर चालू ठेवून मग बंद करायची. दादाला ही सवय मीच लावली होती. तुम्ही ठेवता का? नसाल ठेवत तर नवा टर्बोही जाईल.

कृपा आहे ती तशीच असू द्यावी.

आपला,
भालचंद्र


गाझियाबाद,
२१ डिसेंबर २००५

प्रिय भालचंद्रभावजी यांस,
स. न. वि. वि.

पाइपात ऑइल निघालं. मिस्त्रींनी टर्बो बदलायला घेतला आहे. विलासच्या गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही ठेवत. हे खाली गाडी चालू ठेवून बसायचे आणि मी वर त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायचे. मला वाटायचं, चहा होईपर्यंत मुद्दाम वेळ काढतात. ते टर्बोसाठी होतं हे आज कळलं. थोडा रागच आला तुमचा. आता मी खाली असते तेव्हा आवाज तोच असतो आणि वरची स्वयंपाकघराची खिडकी अंधारी. ते मिनिट मला काढवत नाही, भावजी. म्हणून फाटकातून आत येताच बंद करते. टर्बो मीच घालवला.

तेव्हा नव्याचं काय करायचं ते मी ठरवलंय. संक्रांतीला तुम्ही या. पानिपतला माझ्या शेजारी बसा. परत आल्यावर घराची किल्ली घेऊन तुम्ही आधी उतरायचं, जिना चढायचा आणि स्वयंपाकघरातला दिवा लावायचा. तोवर मी खाली गाडी चालू ठेवून बसेन.

लोभ असावा, आणि स्वेटर जाड असावा.

वाट पाहते,
नीलावहिनी