मिनासकडे यंदा नामदिन नाही

लेफ्कोमिलोस,
१४ सप्टेंबर १९९८

चि. पांदेलिस यास,
अनेक आशीर्वाद, आणि दोन महिने पत्र नाही म्हणून तितक्याच शिव्या. वि. वि.

इकडे सगळे धडधाकट. गुडघे सोडले तर मीसुद्धा. तुझ्या जर्मनीत गुडघे बदलून मिळतात म्हणे, येताना एक जोडी घेऊन ये. अर्थात तू येणार कधी? चौतीस वर्षं 'पुढच्या वर्षी कायमचा येतो' चाललंय, आणि येतोस तो चार दिवस, कुणाच्या तरी लग्नाला नाहीतर मयताला.

इथली मोठी बातमी छावणीची. सैन्य उठून गेल्यापासून ते मैदान आमचं झालंय. कर्नलसाहेब जिथे सलामी घ्यायचे तिथे मी चादरी पसरून गव्हा-दुधाच्या त्राखान्याचं वाळवण घालते. पाइनच्या झाडांखाली म्हातारे पत्ते कुटतात, पोरं चेंडू बडवतात. तू हसशील, पण लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून माझ्या खिडकीतून समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चड्ड्याच दिसतात. साठी उलटल्यावर मला आभाळ मिळालं. ते मी सोडणार नाही.

आणि ते हिसकावतोय कोण? आपला मिनास, नगराध्यक्ष! मी त्याची धर्मआई. बाप्तिस्म्याला याच हातांनी त्याला पाण्यात बुडवलं. जरा जास्त वेळ बुडवायला हवं होतं. त्याला मैदानावर पाच मजली इमारती हव्यात, खाली दुकानं हवीत. आम्ही समिती काढली आहे. अध्यक्ष मी, चिटणीस झाखारिस मास्तर. मास्तरांचं प्रत्येक निवेदन प्राचीन अथेन्सपासून सुरू होतं आणि छावणीपर्यंत येईतो कागद संपतो. कचेरीत गेलं की मिनाससाहेब मीटिंगमध्ये असतात. मला मीटिंगची थाप! लंगोट बदललेत मी त्याचे.

थंडी सुरू होईल, जाड मोजे घाल. लोभ ठेव, नाही ठेवलास तर येऊन वसूल करीन.
तुझी ताई,
एवान्थिया


श्टुटगार्ट,
६ ऑक्टोबर १९९८

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, कंबर धरली आहे म्हणून मनातल्या मनात. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती, ख्रिसमसला सांगून चकित करणार होतो. मिनासच्या त्याच इमारतीत मी घर नोंदवलंय. तिसरा मजला. उन्हाळ्यात त्यानं फोन केला, मागोमाग नकाशा पाठवला. बाल्कनीतून थेट तुझं स्वयंपाकघर दिसतं. सकाळी मी शीळ घालायची आणि तू कॉफी चुलीवर चढवायची, इथपर्यंत माझं सगळं ठरून गेलं होतं.

हेल्गा गेल्यापासून इथलं घर खायला उठतं. निवृत्त झालो त्या दिवशी कारखान्याच्या साहेबानं घड्याळ भेट दिलं, जसं काही मला आता कुठे वेळेवर पोहोचायचंय! शेजारीण बाई चांगली आहे, पण या आठवड्यात जिना झाडायची पाळी कुणाची, यापलीकडे बोलत नाही. मला माझ्या भाषेत भांडणारं माणूस हवंय, आणि तुझ्याइतकं झकास भांडणारं दुसरं कुणी मला माहीत नाही.

तेव्हा हात जोडतो, त्या समितीतून अंग काढून घे. मास्तरांना होऊ दे अध्यक्ष. वाळवण माझ्या बाल्कनीत घाल, आभाळही तिथूनच बघ, तिसऱ्या मजल्यावरून ते जरा जवळच पडेल. थट्टा करतोय, पण घाबरलोही आहे. ती इमारत झाली नाही, तर मी येणार कुठे, ते तूच सांग.

रागावलीस तरी लोभ आटवू नकोस, इकडच्या दुकानांत तो मिळत नाही.
तुझा,
पांदेलिस


लेफ्कोमिलोस,
२० नोव्हेंबर १९९८

चि. पांदेलिस यास,
अनेक आशीर्वाद. या वेळी शिव्या नाहीत, त्यावरूनच काय ते ओळख. वि. वि.

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण देता येईना. राजीनामा द्यायचा म्हणून दोनदा समितीत गेले आणि दोन्ही वेळा घोषणा रंगवून परत आले. तुझ्या घराबद्दल कुणाजवळ बोलले नाही. मनात चोर घेऊन फिरत होते.

मिनास तर भेटायचं नावच घेईना. मग मी म्हटलं, अकरा नोव्हेंबरला संत मिनासचा दिवस, म्हणजे याचा नामदिन. नामदिनाला बोलावणं कुणी करतं का? दार उघडं ठेवायचं आणि येईल त्याच्या हातावर गोड ठेवायचं. अख्खी समिती मिठाईचे डबे घेऊन त्याच्या दिवाणखान्यात बसवू, बघू कसा उठवतो. पण मास्तरांच्या तोंडात तीळ भिजत नाही. बातमी फुटली, आणि अकरा तारखेला सकाळच्या पेपरात चौकट: नगराध्यक्ष यंदा नामदिन साजरा करणार नाहीत, कुणीही भेटीस येऊ नये.

गाढव! अशी चौकट घरात मयत झालं की देतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यात घरात चौऱ्याऐंशी वर्षांची आई. गावानं काय समजायचं ते समजलं. पोलिक्सेनी गेली म्हणून मी हात पिठाचे असतानाच ढसाढसा रडायला लागले. काळे कपडे चढवले आणि धावले. समिती, छावणी, सगळं डोक्यातून गेलं. पोहोचते तर दारात अर्धं गाव, काळ्या कपड्यांत, मयताघरी न्यायच्या ब्रँडीच्या बाटल्या घेऊन. पाद्रीबाबा धापा टाकत आलेले. मास्तरांच्या हातात फुलांचं भलंमोठं चक्र.

दार उघडलं ते पोलिक्सेनीनंच. पायात सपाता, हातात अर्धं सोललेलं संत्रं. चक्रावरच्या फितीवर तिनं स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाली की एवढीशीच फुलं होय, माझ्या नवऱ्याला याच्या दुप्पट होती. मग तिनं विचारलं की मला मारलं कुणी. कुणीतरी पेपर पुढे केला. मिनास आतल्या खोलीत दडला होता, त्याला कान धरून बाहेर आणला, नगराध्यक्षाला! आणि आम्हाला म्हणाली की आलाच आहात तर बसा, मेलेल्या बाईच्या हातचं गोड खाऊन जा.

बसलो आणि आमचं म्हणणं मांडलं. मास्तर अथेन्सला पोहोचायच्या आत पोलिक्सेनीनं त्यांच्या तोंडात लाडू कोंबला. मिनास लालबुंद झाला होता. सगळ्यांदेखत मला म्हणाला की धर्मआई, गावाला शहाणपण शिकवतेस, पण त्याच इमारतीत तुझ्या सख्ख्या भावाचं घर आहे, ते सांगितलंस का यांना? माझ्या भावाचं घर खोडा, असं इथे सगळ्यांसमोर म्हणून दाखव, मी नकाशा आत्ता फाडतो.

मास्तर माझ्याकडे बघेनात. पांदेलिस, मला तुझी शीळ ऐकू आली रे. वाटलं, उठावं आणि मुकाट्यानं घरी जावं. आणि मी म्हटलं, खोडा.

माझी जीभ रेटणार नाही, असं मिनास धरून चालला होता. पण शब्द देऊन बसला होता आणि आई समोर उभी होती. नकाशा फाडला. काल सभेत ठरावही झाला, मैदानावर वीट चढणार नाही. लोक मला खांद्यावर घ्यायला निघाले होते. गुडघ्यांचं निमित्त सांगून घरी आले आणि दार लावून रडले. तुला त्या बाल्कनीत उभा असलेला मी रोज बघत होते, आणि मीच तुला तिथून खाली उतरवलं. आता तू कशाला येशील? शिव्या दे, पण पत्र लिही.

लोभ मागायला तोंड नाही. तरी मागते.
तुझी ताई,
एवान्थिया


श्टुटगार्ट,
२ डिसेंबर १९९८

ती. ताईस,
साष्टांग नाही, नुसताच नमस्कार, कारण अजून घुश्शात आहे. वि. वि.

आधी तुला शिव्यांचं पत्र लिहिलं. चांगलं चार पानी. वाचून बघतो तर निम्म्या शिव्या जर्मन, त्यांत काही दम नाही, म्हणून फाडलं. मग रागाच्या भरात शेजारणीला सांगितलं की माझ्या बहिणीनं भर गावात माझं घर मोडलं. जन्मात पहिल्यांदा त्या बाईनं जिना सोडून दुसरं काही विचारलं. म्हणाली की मग तू बहिणीच्याच घरी का राहत नाहीस?

मी तिला हसून उडवलं, आणि आत येऊन खुर्चीवर बसलो तो बसूनच राहिलो. विधवा बहिणीच्या दारात म्हातारपणी पिशवी घेऊन उभा राहिलो असतो, तर गाव म्हणालं असतं, इतकी वर्षं जर्मनीत घासून पांदेलिस शेवटी बहिणीच्या ताटात जेवायला आला. मला त्याची लाज वाटत होती, ताई. तिसऱ्या मजल्याची हौस वगैरे काही नव्हती. स्वतःचं दार असतं तर तुझ्या दारात ताठ मानेनं आलो असतो, एवढंच. आणि तुझंही चुकलं. तू दर पत्रात 'ये' म्हणायचीस, 'राहा' कधी म्हणाली नाहीस. मी कधी विचारलं नाही. मिनासला उगाच गाढव म्हणतेस, आपण दोघं काय कमी आहोत?

त्याचा फोन आला होता. गावात दुसरीकडे घर बघून देतो म्हणाला. आवाजावरून कान अजून दुखत असावा. मी त्याला नको म्हणून सांगितलं.

तेव्हा आता ऐक, मी विचारत नाहीये, कळवतोय. मागची खोली रिकामी कर. मी घोरतो, आणि हेल्गा म्हणायची की झोपेत भांडतोही. कॉफी मीच करीन, तुझी पांचट असते. मैदानात पाइनखाली बसायला एक बाक लागेल. तुझी समिती नाही म्हणाली, तर मी तिच्याविरुद्ध दुसरी समिती काढीन.

मंगळवारच्या बसनं निघतोय. तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीनं नेहमीसारखं विचारलं की परतीचं कोणत्या तारखेचं देऊ. ताई, रांगेतल्या लोकांसमोर लहान पोरासारखा रडलो, आणि एकेरीच तिकीट घेतलं.

लोभाचं पत्रात काय लिहायचं, आता रोज समोरासमोर भांडून घेईन.
तुझा,
पांदेलिस