उंबराचं कुंकू

चि. रुपेशला ताईचा आशीर्वाद. हे पत्र पाठवायचं नाही, म्हणून लिहिते.

निसर्ग उद्यानाला लागून रिसॉर्ट नको, म्हणून काल आम्ही बाया रस्त्यात बसलो होतो. तिथल्या उंबराची पूजा करायची ठरली होती. ताट माझ्या हातात होतं. तेवढ्यात तू तुझा नवा जेसीबी घेऊन आलास.

"ताई, माज्या गाडीला ओवाळायला आलीस? मला वाटलं, तू येनार नाय गं."

तू इतका हसत होतास की मी जेसीबीला कुंकू लावलं, ओवाळलं. बाया उठून गेल्या.

दुपारी उंबर पाडलास. संध्याकाळी पेढे पाठवलेस, ते मिळाले. कुंकू उंबरासाठी आणलं होतं, रुपेश.

तुझी ताई,
चंद्रभागा